हेतू तराजूत घालता येत नाही, रजिस्टरात लिहिता येतो

प्रश्नकर्ते कराडला सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. झाले असून सध्या सांगलीजवळ कुपवाड एमआयडीसीतल्या एका लहान कारखान्यात गुणवत्ता तपासणी पाहतात. कारखाना द्राक्ष आणि हळद बागायतदारांसाठी ट्रायकोडर्मा (पिकांचे रोग आवरणारी बुरशी) आणि बॅसिलस थुरिंजिएन्सिस (किडी मारणारा जिवाणू) बनवतो. पाचशे लिटरचा एक फर्मेंटर, म्हणजे जंतू वाढवायची टाकी, आहे. त्यांचे प्रश्न तीन. जैविक अस्त्रांवर जगभर बंदी आहे म्हणतात, पण तपासणारे कुणी नाही, मग ती बंदी कागदावरचीच का? आमच्यासारख्या कारखान्याचा त्या कराराशी काही संबंध येतो का, कारण परदेशातल्या एका व्यापाऱ्याने नुकतेच नमुने मागितले आहेत? आणि महाबळेश्वरच्या वटवाघळांत निपाह विषाणूच्या खुणा सापडल्यापासून ‘हे प्रयोगशाळेतून सुटलेलं आहे’ असं लोक बोलतात, त्यांना काय उत्तर द्यायचं?

आधी करार. १९२५ च्या जिनिव्हा प्रोटोकॉलने युद्धात विषारी वायू आणि जंतू वापरायला बंदी घातली. बंदी फक्त वापरावर होती. बनवून कोठारात ठेवायला मोकळीक होती, आणि बऱ्याच देशांनी ‘आमच्यावर कुणी वापरलं तर आम्हीही वापरू’ अशी पाचर मारून सही केली होती. जपानने १९२५ मध्ये सही केली, पण अनुसमर्थन, म्हणजे कराराला पक्की मान्यता, थेट १९७० मध्ये. मधल्या काळात त्याच्या सैन्याच्या युनिट ७३१ ने मांचुरियात हार्बिनजवळ जिवंत माणसांवर रोगजंतूंचे प्रयोग केले. युद्ध संपल्यावर अमेरिकेने त्या प्रयोगांच्या माहितीच्या बदल्यात तिथल्या प्रमुखांना खटल्यातून सोडवले. या विषयातली नैतिकतेची चर्चा इथूनच सुरू व्हायला हवी. अस्त्र बनवणारे डॉक्टर होते, आणि त्यांना वाचवणारे जिंकलेल्या बाजूचे होते.

जैविक अस्त्रबंदी करार १० एप्रिल १९७२ ला सह्यांसाठी खुला झाला आणि २६ मार्च १९७५ पासून लागू आहे. भारताने १९७३ मध्ये सही केली आणि १९७४ मध्ये अनुसमर्थन दिले. आज १८५ हून अधिक देश त्यात आहेत. इजिप्त आणि सीरियाने सही करूनही अनुसमर्थन दिलेले नाही, इस्रायलने सहीही केलेली नाही. कलमे पंधरा आहेत, पण सगळा भार पहिल्या कलमावर आहे आणि तुमच्या कामाचेही तेच आहे. त्यात जंतूंची यादी नाही. रोगप्रतिबंध, संरक्षण किंवा इतर शांततामय कामासाठी ज्यांचे समर्थन करता येत नाही, अशा प्रकारचे आणि अशा प्रमाणातले जंतू किंवा जैविक विषे कधीही, कोणत्याही परिस्थितीत बनवायची नाहीत, साठवायची नाहीत, मिळवायची नाहीत, असे ते कलम म्हणते. ते विष निसर्गातून आले की प्रयोगशाळेत तयार झाले, याने फरक पडत नाही.

म्हणजे बंदी जंतूवर नाही, हेतूवर आहे. बांधावरच्या एरंडाचे उदाहरण घ्या. एरंडेल काढून झाल्यावर पेंडीत रायसिन नावाचे विष उरते. तेलाची घाणी चालवणाऱ्याला हा करार अडवत नाही. तेच रायसिन माणसे मारण्यासाठी वेगळे काढले, की ते या कराराखाली गुन्हा ठरते आणि रासायनिक अस्त्रबंदी कराराच्या पहिल्या अनुसूचीतही मोडते. झाड तेच, बी तेच. हे शब्द निवडणाऱ्यांनी शहाणपण दाखवले, कारण यादी केली असती तर पन्नास वर्षांत ती दहा वेळा जुनी झाली असती. जनुके कापून जोडण्याचे तंत्र तेव्हा नुकतेच कुठे जन्माला येत होते, तरी आजच्या सगळ्या तंत्रांना तेच वाक्य लागू पडते.

पण हेच शहाणपण कराराच्या गळ्यातली धोंड झाले. हेतू मोजायचा कसा? रासायनिक अस्त्रांच्या बाबतीत हेगमध्ये एक संघटना आहे, तिथे सुमारे पाचशे माणसे काम करतात, तिचे निरीक्षक कारखान्यांत जाऊन पिंपे मोजतात. भारताने १९९७ मध्ये स्वतःचा रासायनिक साठा जाहीर केला आणि २००९ पर्यंत त्या संघटनेच्या देखरेखीखाली तो नष्ट केला. हे जमले कारण रसायन किलोत मोजता येते. आलेले किती, वापरलेले किती, उरलेले किती, हा हिशेब जुळतो किंवा जुळत नाही. जंतूंचे गणित विरजणाचे आहे. चमचाभर विरजणाने हंडाभर दही लागते आणि सकाळी त्यातला चमचा काढून ठेवला की पुन्हा हंडा. कोठारात किती साठा आहे हे पाहून काहीच कळत नाही. दोषी देश साठा ठेवणारच नाही, एक व्हायल, म्हणजे छोटी कुपी, फ्रीझरमध्ये ठेवेल. त्यातून जे फर्मेंटर लशीला लागतात तेच अस्त्रालाही लागतात. जैविक कराराचे जिनिव्हातले कार्यालय २००६ मध्ये निघाले, आणि तिथली माणसे हाताच्या बोटांवर मोजता येतात.

तपासणीचा प्रयत्न झालाच नाही असे नाही. १९९५ पासून सहा वर्षे देशांचा एक गट तपासणीच्या मसुद्यावर बसला. जुलै २००१ मध्ये अमेरिकेने तो फेटाळला. फसवणारा यात सापडणार नाही आणि औषध कंपन्यांची गुपिते मात्र बाहेर पडतील, असे कारण दिले. दुसऱ्या अर्ध्या भागात तथ्य होते, पहिल्याबद्दल वाद आहे. दोनच महिन्यांत अमेरिकेत टपालाने अँथ्रॅक्सची, म्हणजे आपल्याकडच्या काळपुळीची पाकिटे फिरली. पाच माणसे गेली, सतरा आजारी पडली. अमेरिकी तपासयंत्रणेचा अंतिम निष्कर्ष लष्कराच्याच जैवसंरक्षण प्रयोगशाळेतल्या एका शास्त्रज्ञाकडे बोट दाखवणारा होता. खटला उभा राहण्याआधीच त्याचा मृत्यू झाला, आणि केवळ वैज्ञानिक पुराव्यावरून हे निर्विवाद सिद्ध होत नाही, असे तिथल्या विज्ञान अकादमीने पुढे नोंदवले. भारत आजही कायदेशीर बंधन असलेल्या तपासणी मसुद्याची मागणी करतो. २०२२ च्या नवव्या आढावा परिषदेने पुन्हा एक कार्यगट नेमला. ठराव एकमताने करायचे असल्यामुळे गाडी बैलांच्या मर्जीने चालते.

उरते काय? देश दरवर्षी १५ एप्रिलपर्यंत एक माहितीपत्रक भरून देतात. सर्वोच्च सुरक्षेच्या प्रयोगशाळा कुठे आहेत, संरक्षण संशोधन काय चालते, लशी कुठे बनतात, वेगळ्या वाटणाऱ्या साथी आल्या का, असे त्यात असते. ते भरणे राजकीय बांधिलकी आहे, न भरल्याला शिक्षा नाही, आणि कित्येक देश भरतच नाहीत. सहाव्या कलमाखाली सुरक्षा परिषदेकडे तक्रार करता येते, पण तिथे नकाराधिकार आहे. अस्त्र वापरल्याचा आरोप असेल तर संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस तपास पथक पाठवू शकतात. ही सोय १९८०च्या दशकातली आहे, आणि २०१३ मध्ये सीरियात रासायनिक अस्त्रांसाठी तीच वापरली गेली.

तर बंदी कागदावरचीच का? हिशेब ठेवणारी माणसे नेटाने मागे लागली तर कागद बोलतो, हे इराकने दाखवले. १९९१ च्या युद्धानंतर संयुक्त राष्ट्रांचे निरीक्षक इराकमध्ये होते. अल हकम नावाच्या कारखान्यात आम्ही जनावरांचे खाद्य आणि बॅसिलस थुरिंजिएन्सिस बनवतो, असे इराक सांगत होता. हो, तुमच्याच कारखान्यातला बॅसिलस. निरीक्षकांना अस्त्र सापडले नव्हते. त्यांनी जंतू मोजायचा नाद सोडला आणि जंतूंचे खाद्य मोजले. विकणाऱ्या देशांकडून पावत्या मागवल्या. १९८८ च्या सुमारास इराकने जवळपास ३९ टन कल्चर मीडिया आयात केला होता आणि त्यातल्या सुमारे १७ टनांचा पत्ता लागत नव्हता. रुग्णालयांतल्या तपासण्यांसाठी घेतला, असा खुलासा आला.

हा खुलासा कुठे फसला, हे प्रयोगशाळेत काम केलेल्या माणसाला लगेच दिसते. न्यूट्रिएंट अगार हा नेहमीचा मीडिया लिटरला २८ ग्रॅम लागतो. ५०० ग्रॅमच्या एका बाटलीत साधारण अठरा लिटर, म्हणजे २० मिलीच्या नऊशेच्या आसपास प्लेट होतात. एखाद्या तालुक्याच्या पॅथॉलॉजी लॅबला अशी बाटली पुरून उरते, आणि एकदा उघडली की दमट हवेत तिचे ढेकूळ होते. म्हणून कुठलेही रुग्णालय मीडिया लहान बाटल्यांतच घेते. इराकचा माल मोठाल्या पिंपांत आला होता. याच हिशेबाने ३९ टनांत तेरा लाख लिटरच्या वर मीडिया तयार होतो. १ जुलै १९९५ ला इराकने अस्त्रांसाठी जंतू वाढवल्याचे पहिल्यांदा कबूल केले. पुढच्याच महिन्यात सद्दाम हुसेनचा जावई जॉर्डनला पळाला आणि उरलेले बाहेर आले. १९९६ मध्ये निरीक्षकांच्या देखरेखीखाली अल हकम सुरुंग लावून पाडले. याच्या उलट उदाहरण सोव्हिएत संघाचे. या कराराची मूळ प्रत सांभाळणाऱ्या तीन देशांपैकी तो एक होता, आणि सही करूनच त्याने इतिहासातला सर्वात मोठा जैविक अस्त्रांचा कार्यक्रम चालवला. तिथे पावत्या मागायला कुणी गेले नव्हते.

आता दुसरा प्रश्न, कारण तुमच्या हातात तेवढेच आहे. तुमचा ट्रायकोडर्मा किंवा बॅसिलस थुरिंजिएन्सिस अस्त्र नाही, त्यावर बंदी नाही. पण बंदी देशात राबवायला सांगणारे कराराचे चौथे कलम भारताने आपल्या कायद्यांत उतरवले आहे आणि ते धागे तुमच्यापर्यंत येतात. आपल्याकडे याचा एकच सर्वसमावेशक कायदा नाही, म्हणून गोंधळ उडतो. महासंहारक अस्त्रांविषयीचा २००५ चा कायदा जैविक अस्त्र बनवणे, बाळगणे, हस्तांतरित करणे यासाठी किमान पाच वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगतो. २०२२ च्या दुरुस्तीने पैसे पुरवणेही त्यात आले. निर्यातीसाठी परकीय व्यापार महासंचालनालयाची स्कोमेट यादी, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंची यादी, आहे. तिचा दुसरा प्रवर्ग सूक्ष्मजीव आणि विषांचा आहे, आणि तिसऱ्यात उपकरणे येतात. ऑस्ट्रेलिया ग्रुप या देशगटाच्या नियंत्रण यादीत वीस लिटर आणि त्याहून मोठे, हवेत तुषार न उडवता जंतू वाढवणारे फर्मेंटर येतात. भारत १९ जानेवारी २०१८ पासून त्या गटात आहे. तेव्हा उद्या जुना पाचशे लिटरचा फर्मेंटर विकायला काढलात आणि गिऱ्हाईक परदेशातले निघाले, तर आधी स्कोमेट यादी उघडा. भंगार म्हणून जाणार असला तरी उघडा.

जनुकबदल केलेले जीव हाताळत असाल तर पर्यावरण संरक्षण कायद्याखालचे १९८९ चे नियम लागू होतात आणि संस्थेत जैवसुरक्षा समिती असावी लागते. नुसते नैसर्गिक ट्रायकोडर्मा असेल तर हा भाग सोडा. कीडनाशक म्हणून विकायला केंद्रीय कीटकनाशक मंडळाची नोंदणी लागतेच, ती तुमच्याकडे असणार.

खरे काम रजिस्टराचे. बहुतेक लहान कारखान्यांत कल्चरची वही असते आणि त्यात ‘टी.व्ही., स्लँट, ४’ असे काहीतरी लिहिलेले असते. ते चालत नाही. कल्चर कुठून आले (चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या जंतुसंग्रहांतून, की कुणा प्राध्यापकांनी खिशातून काढून दिले), त्याचा नोंदणी क्रमांक, आल्याची तारीख, कितवे उपसंवर्धन, किती व्हायल, कोणत्या फ्रीझरच्या कोणत्या डब्यात, कुणी काढली, कशासाठी काढली, आणि संपली तेव्हा कशी नष्ट केली, दोघांच्या सहीने. यात ‘कशासाठी’ हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच रिकामा राहतो. जंतू किती आहेत ते लिहून उपयोग नाही, विरजणाचे गणित आठवा. व्हायल, माणसे आणि कारणे मात्र मोजता येतात. तीन महिन्यांतून एकदा वही आणि फ्रीझर समोरासमोर ठेवून ताळा जुळवा. लेबल नसलेली व्हायल सापडली तर ‘असेल काहीतरी’ म्हणून परत ठेवू नका, नोंद करून ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करा. हा वेंधळेपणा लहान गावापुरता नाही. २०१४ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथल्या सरकारी संशोधन आवारातल्या शीतगृहात देवीच्या विषाणूच्या सहा जुन्या व्हायल एका खोक्यात सापडल्या. जगात तो विषाणू फक्त अटलांटा आणि रशियातल्या कोल्त्सोवोलाच आहे, असे तोवर सगळे मानत होते.

ऑटोक्लेव्हबद्दल थोडे, कारण चूक तिथे हमखास होते. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत १२१ अंश, १५ पौंड दाब आणि किमान ६० मिनिटे हे प्रमाण आहे. माध्यम निर्जंतुक करण्याची पंधरा मिनिटांची सवय कचऱ्याला लावतात आणि फसतात. पिशवी ठासून भरून तोंड घट्ट बांधले की आत हवा अडकते आणि मध्यभाग तापतच नाही. कुकरची वाफ सुटण्याआधी शिट्टी लावली तर भात कच्चा राहतो, तसेच. वरच्या टेपवर काळ्या रेघा उमटल्या म्हणजे बाहेरची बाजू तापली एवढेच कळते. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णता सोसणाऱ्या जिवाणूच्या स्पोअरची (चिवट बीजाणूंची) पट्टी पिशवीच्या पोटात ठेवून तपासा. तुमच्या बॅसिलसचेही स्पोअर असतात, हे विसरू नका. बाकी जंतू मेले तरी ते तग धरतात.

तिसऱ्या प्रश्नाकडे येऊ. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या एका गुहेतल्या वटवाघळांचे नमुने घेतले आणि दोन जातींत निपाहच्या खुणा मिळाल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. वटवाघूळ हे निपाहचे नैसर्गिक घर आहे. सिलिगुडीत २००१ मध्ये आणि केरळात २०१८ मध्ये साथी आल्या, त्याआधीही तो वटवाघळांत होताच. शोधायला गेले म्हणून सापडले. गुहेतल्या शोधाचा अर्थ साताऱ्यात माणसांना आजार झाला असा नव्हता, आणि कुणी सोडले असा तर मुळीच नव्हता.

नैसर्गिक साथ आणि मुद्दाम केलेली किंवा निसटलेली साथ ओळखण्याची रीत आहे, आणि ती अफवेने चालत नाही. रशियात स्वेर्दलोव्स्क शहरात एप्रिल १९७९ मध्ये काळपुळीने किमान ६६ माणसे गेली. दूषित मांसामुळे झाले, असे सरकार म्हणाले. तिथल्या दोन विकृतिशास्त्रज्ञांनी मृतांचे ऊतींचे नमुने जपून ठेवले होते, आणि त्यांत रोग आतड्यातून नाही, फुप्फुसातून आत शिरलेला दिसत होता. १९९२ मध्ये अमेरिकी जीवशास्त्रज्ञ मॅथ्यू मेसेल्सन यांच्या पथकाने मृतांचे पत्ते नकाशावर मांडले. लष्करी कारखान्यापासून दक्षिणेकडे एक चिंचोळा पट्टा उमटला, शहराबाहेर त्याच रेषेत गावोगावची जनावरे मेलेली, आणि साथ उफाळण्याच्या थोडे आधी वारा बरोबर त्याच दिशेने वाहत होता. मांस वाऱ्याच्या रेषेत विकले जात नाही.

हेच मेसेल्सन दुसऱ्या प्रकरणात उलट बाजूला होते. १९८१ मध्ये अमेरिकेने आरोप केला की लाओस आणि कंबोडियात सोव्हिएत मदतीने ‘पिवळा पाऊस’ पाडला जातोय, आणि त्यात बुरशीचे विष आहे. पानांवरचे पिवळे ठिपके तपासले तेव्हा त्यांत परागकण निघाले, आणि तेही आतून पचलेले. जंगली मधमाश्या थव्याने उडून एकदम विष्ठा टाकतात, त्याचे ते शिंतोडे होते. महाबळेश्वर, मांघरकडच्या मधपाळाला हे नमुने दाखवले असते तर त्याने वाळत घातलेल्या धोतरावरच्या तशाच डागांकडे बोट दाखवले असते. आणि खरी मुद्दाम केलेली साथ कधीकधी कुणाच्या लक्षातही येत नाही. १९८४ मध्ये ओरेगॉनमधल्या द डॅलेस गावी, पुण्याहून तिकडे गेलेल्या रजनीश पंथाच्या काही पुढाऱ्यांनी स्थानिक निवडणुकीसाठी हॉटेलांच्या सॅलडमध्ये साल्मोनेला मिसळला. ७५१ लोक आजारी पडले. आरोग्य खात्याने सुरुवातीला स्वयंपाक्यांच्या अस्वच्छ हातांना दोष दिला. ते जंतू पंथाच्या परवानाधारक प्रयोगशाळेच्या नावाने रीतसर मागवलेले होते, म्हणून वर ‘कशासाठी’ या रकान्यावर इतका भर दिला.

नैतिकतेच्या वादात आपल्याकडे मनुस्मृतीचा दाखला हटकून येतो, सातव्या अध्यायात विषात बुडवलेल्या बाणांना मनाई आहे म्हणून. दाखला खरा आहे. पण कौटिलीय अर्थशास्त्राचे चौदावे अधिकरण शत्रूला विषाने आणि रोगाने कसे जेरीस आणावे, यालाच वाहिलेले आहे, तेही आपलेच. तेव्हा ‘आमच्या संस्कृतीत हे नव्हतेच’ हा मुद्दा टिकत नाही. टिकणारा मुद्दा वेगळा आहे. जंतू सैनिक आणि बाळंतीण यांत फरक करत नाही, सीमा ओळखत नाही, आणि तो वापरायला जे ज्ञान लागते ते माणसे वाचवण्यासाठी म्हणून मिळवलेले असते. धोकादायक जंतूंवर संशोधन करणे त्यामुळे अनैतिक होत नाही. निपाहचा अभ्यास केलाच नाही तर तो आल्यावर हात बांधलेले असतील. अनैतिकता सुरू होते ती काय करतोय हे सहकाऱ्यांना सांगता येत नाही तिथे. अस्त्रकार्यक्रम नेहमी लपवावेच लागले, आणि शास्त्रज्ञांच्या आचारसंहितेसाठीच्या २०२१ च्या तियानजिन मार्गदर्शक तत्त्वांतही शास्त्रज्ञाच्या वैयक्तिक जबाबदारीवर जोर आहे, तो त्यासाठीच.

राहिला तो व्यापारी. त्याला नमुना पाठवण्याआधी माल नेमका कोण वापरणार, कोणत्या पिकावर, कोणत्या गावी, हे लेखी मागा. पत्ता मालवाहतूक एजंटाचा निघाला, पिकाबद्दल बोलायला टाळाटाळ झाली, किंवा शेतात काहीच उपयोग नाही असे गुणधर्म त्याने मागितले तर तिथेच थांबा. माल स्कोमेट यादीत नसला तरी तो अस्त्रासाठी जातोय हे माहीत असताना पाठवणे २००५ च्या कायद्याखाली गुन्हाच आहे. वाढवण्याची कृती ईमेलने पाठवणेही निर्यातीतच मोडू शकते, म्हणून ‘आधी पद्धत पाठवतो, माल नंतर’ असे करू नका. स्वच्छ गिऱ्हाईक असले तरी जिवंत कल्चर परदेशी व्यक्तीला संशोधनासाठी किंवा धंद्यासाठी द्यायचे तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते का, ते आधी विचारा. तिथे भल्याभल्यांचे अडते. त्याचे पत्र, तुमचे उत्तर आणि नकार दिला असेल तर नकाराचे कारण, तिन्ही कागद कल्चरच्या रजिस्टरातच त्या तारखेला जोडून ठेवा.